विषय: निवेदनातील तिसरा परिच्छेद – ‘पूर्वसूचना न देता’ हे शब्द ठेवायचे का?

सप्रेम नमस्कार,
निवेदन उद्या संध्याकाळी रवाना करायचे आहे आणि घोडे अजून तिसऱ्या परिच्छेदावरच अडले आहे. ‘पोलिसांनी कोणतीही पूर्वसूचना न देता मिरवणुकीवर लाठ्या चालवल्या’ असे मसुद्यात आहे. मात्र मागच्या बाजूला असलेल्या दोघा सभासदांनी ध्वनिक्षेपकावरील घोषणा ऐकल्याचे कळवले आहे. एक वाक्य खोटे ठरले, तर उरलेल्या निवेदनावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. म्हणून ते वाक्य गाळावे, असे माझे मत आहे.
– कार्यवाह

कार्यवाहसाहेब,
वाक्य गाळू नये. मी पहिल्या रांगेत होते. वाद्ये वाजत होती आणि शेजारची मुलगी काय म्हणते आहे तेसुद्धा मला तिच्या ओठांवरूनच समजून घ्यावे लागत होते. पोलीस पुढे आले तेव्हा मागे वळावे म्हटले, तर लोखंडी अडथळे लावून गल्लीही बंद केलेली होती. माझ्या सासऱ्यांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झाला आहे, कारण त्यांनी तो डोक्यावर आडवा धरला होता. तो धरला नसता तर घाव कुठे बसला असता, हे वेगळे सांगायला नको. अशा प्रसंगी सूचना दिली होती असे आपणच लिहून द्यायचे, हे मला मान्य नाही.
– स्वयंसेवक प्रमुख

ताई,
सासऱ्यांना विश्रांती मिळो. तुमचे आणि कार्यवाहांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. घोषणा झाली, पण ती ऐकू जाईल, समजेल आणि पांगायला वेळ व वाट मिळेल अशी नव्हती. इंग्लंडमध्ये 16 ऑगस्ट 1819 रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर लोक ठेवणीतले कपडे घालून, बँड वाजवत जमले होते. तेव्हाच्या दंगल कायद्यात जाहीर वाचनानंतर पांगण्यासाठी तासाभराची मुदत होती. ते वाचन झाले की नाही, झाले असल्यास कोणाला ऐकू गेले, हा वाद आजही मिटलेला नाही. त्या दिवशी जमावावर घोडदळ घातले गेले आणि किमान पंधरा माणसे प्राणास मुकली.
परवानगीची वेळ वीस मिनिटांनी उलटली होती, हेही लपवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या मूलभूत तत्त्वांनुसार, जमाव बेकायदा असला तरी हिंसक नसेल, तर बळाचा वापर टाळावा आणि ते शक्यच नसल्यास किमान आवश्यक तेवढाच करावा. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही 2006 मध्ये ओया अतामान खटल्यात, पूर्वकल्पना न देता जमलेल्या पण शांत असलेल्या लोकांबाबत प्रशासनाने काही प्रमाणात सहिष्णुता दाखवली पाहिजे, असे म्हटले आहे. मसुदा आधी कायदा उपसमितीकडे यायला हवा होता, ही माझी तक्रार मात्र कायम आहे.
– माजी अध्यक्ष

मँचेस्टरला घोडदळ होते, पोलीस नव्हते. निवेदनात तो दाखला नको. त्यापेक्षा इस्तंबूलचा द्यावा. तेथील प्राइड मिरवणूक (समलिंगी, तृतीयपंथी इत्यादींच्या हक्कांसाठीची) 2003 पासून निघत होती, पण 2015 च्या जूनमध्ये रमजानचे कारण देऊन तिला ऐनवेळी मनाई करण्यात आली आणि जमलेल्या लोकांवर पाण्याचे फवारे व अश्रुधूर सोडण्यात आला. वर्षानुवर्षे शांतपणे निघणारी मिरवणूक एका आदेशाने धोकादायक कशी ठरते, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.
– एक सभासद

सर्वांचे आभार. दाखले पुरवणीत जोडू. मुख्य निवेदनात फक्त आपल्या डोळ्यांसमोर घडले तेवढेच राहील. तिसरा परिच्छेद आता असा आहे: ‘परवानगीची वेळ उलटून वीस मिनिटे झाली असता मागील बाजूस घोषणा करण्यात आली. ती पुढील रांगांना ऐकू आली नाही, बाहेर पडण्याची वाट बंद होती, आणि कोणीही प्रतिकार केलेला नसताना लाठ्या चालवण्यात आल्या.’ ताईंची हरकत नसल्यास हेच कायम करतो. कायदा उपसमितीने आज रात्रीपर्यंत पाहून घ्यावे. ज्यांना मार लागला आहे त्यांनी वैद्यकीय दाखला आणि जखमेचे तारीख दिसेल असे छायाचित्र कृपया उद्या दुपारपर्यंत मला पाठवावे. या यादीवर टाकू नये.
– कार्यवाह

हरकत नाही. फक्त ‘पुढील रांगांना’ याच्या आधी ‘वाद्यांच्या आवाजात’ हे दोन शब्द घालावेत. सासऱ्यांचा दाखला सकाळी पाठवते.
– स्वयंसेवक प्रमुख