नव्या लॅपटॉपशी पहिली झटापट : तुमचे अनुभव लिहा

काल रात्री पाऊण तास फोनवरून आईला तिच्या नव्या लॅपटॉपचा आवाज सुरू करून देत होते.

"कर्ण्याचं चित्र असलेलं बटण दाब."
"दाबलं."
"आला आवाज?"
"आवाज कसला, मदत हवी का म्हणून खिडकी उघडली."

तीन वेळा तीच खिडकी उघडल्यावर माझी ट्यूब पेटली. कर्ण्याचं चित्र एफ वनच्या कळीवर होतं आणि त्या लॅपटॉपवर चित्रातलं काम करून घ्यायला आधी डावीकडे तळाची एफएन कळ धरून ठेवावी लागत होती. तसं सांगितल्यावर आई म्हणाली, "एका बटणाला दोन कामं का दिलीत? जागा नव्हती तर एवढा लहान करायचा कशाला?"

मला काही उत्तर सुचलं नाही.

डब्यातल्या पुस्तिकेत लॅपटॉपचं चित्र असतं, बाण काढून प्रत्येक भोकाला नाव दिलेलं. ते पान बघून कुणी काही शिकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. आपण सगळे शिकलो ते अडून, नाहीतर कुणासमोर तरी फजिती होऊन. तेच इथे लिहा. नेमकं कुठे अडलात आणि कसं सुटलं, दोन्ही सांगा. "सोपं आहे हो, व्हिडिओ बघा" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

* * *

माझा तर सुरूच होईना. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. नग खराब निघाला म्हणून परत डब्यात भरला, चिकटपट्टीसुद्धा मारली. मग भाच्याने विचारलं, "मामा, चार्जर लावला होतास का?" बरेचसे लॅपटॉप कारखान्यातून निघताना बॅटरी झोपवून पाठवतात म्हणे, पहिल्यांदा चार्जर लागल्याशिवाय ते जागेच होत नाहीत. लावला आणि दिवा लागला.

पुढचा आठवडाभर मी तो बंद करायचो तो बटण दाबून धरून, स्क्रीन काळी होईपर्यंत. नुसती टिचकी मारली की तो झोपतो आणि आठ-दहा सेकंद धरून ठेवलं की मान मुरगळल्यासारखा बंद पडतो, हा फरक कुणी सांगितलाच नव्हता. रोज मान मुरगळत होतो बिचाऱ्याची.

* * *

वरच्या मामांना : बंद करण्यावरून आठवलं. माझं वायफाय सारखं अडकायचं. मी इमानदारीत 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करायचे, तरी अडकलेलंच. विंडोजमध्ये २०१२ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. ते चालू असेल तर शट डाऊन केल्यावरही आतला बराचसा पसारा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत मांडला जातो. बिघाडासकट! खरी साफसफाई 'रीस्टार्ट'ने होते. नावं उलटी ठेवल्यासारखी वाटतात, पण तसंच आहे.

* * *

पासवर्ड. अकरा वेळा. ऑफिसचा जुना, लहान लॅपटॉप, उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा नसलेला. मी बरोबर टाइप करतोय आणि तो चूक म्हणतोय. खात्याला कुलूप लागलं, आयटीवाल्याला बोलावलं. त्याने पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं : माझ्या 'यू'च्या जागी ४, 'आय'च्या जागी ५, 'एल'च्या जागी ३. नम लॉक चालू राहिलं होतं, त्यामुळे अर्धा कीबोर्ड आकड्यांचा झाला होता. त्या कळांच्या कोपऱ्यात ते आकडे बारीक निळ्या रंगात छापलेले असतात. दोन वर्षं त्याच कळा बडवत होतो, कधी नजर गेली नव्हती.

* * *

मी वर्गात शिकवते. पहिल्यांदा प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडायची वेळ आली तेव्हा समोर साठ मुलं आणि माझ्या हातात जाडजूड निळी पिन, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. माझ्या लॅपटॉपला तसलं भोकच नव्हतं. त्या पिनेचं नाव व्हीजीए, पंधरा काड्यांची, १९८७ सालची. लॅपटॉपच्या कडेपेक्षा तीच जाड होती. शिपाईकाकांनी कुठूनतरी माझ्या लॅपटॉपच्या एचडीएमआय नावाच्या भोकाला लावायचा अडॅप्टर शोधून आणला. लावला, भिंत उजळली, आणि भिंतीवर काय, तर माझ्या मुलाचा दात पडलेला फोटो, छतापर्यंत. माझा धडा माझ्याच स्क्रीनवर.

फाइल बंद केली, परत उघडली. वायर काढली, परत लावली. मुलं अगदी शांत, म्हणजे हसू दाबत असलेली. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, विंडोजची कळ आणि पी."

चार पर्याय आले. माझं 'एक्स्टेंड'वर होतं, म्हणजे भिंत ही शेजारची दुसरी पाटी. धडा ओढून तिकडे नेला असता तर दिसला असता. 'डुप्लिकेट' केल्यावर दोन्हीकडे एकच दिसू लागलं. मग व्हिडिओ लावला तर आवाज गायब! व्हीजीएतून फक्त चित्र जातं. आणि लॅपटॉपला वाटत होतं की एचडीएमआयला काही लावलंय म्हणजे स्पीकरही तिकडेच असणार, म्हणून तो आवाज तिकडे पाठवत होता. खाली उजव्या कोपऱ्यातल्या कर्ण्यावर क्लिक करून लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर निवडला तेव्हा तास संपायला सहा मिनिटं उरली होती.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी तोवर मठ्ठ समजत होते.

* * *

मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे माझे अनुभव दुसऱ्या बाजूचे.

सगळ्यात जास्त येणारी केस म्हणजे माऊस चालत नाही. बघायला घ्यावं तर माऊसची पिन नेटवर्कच्या भोकात. हसू नका. यूएसबीची पिन बारा मिलिमीटर रुंद आणि नेटवर्कचं भोकही जवळपास तेवढंच, त्यामुळे ती आत जाते, सैलसर बसतेसुद्धा. टेबलाखाली वाकून चाचपडत लावणाऱ्याला काय कळणार. कडेला एक बारीक आयताकृती खाच असते, तिच्यात लोक चार्जर खुपसून बघतात. ती कुलपाची खाच. लॅपटॉप टेबलाला साखळीने बांधून ठेवण्यासाठी.

दुसरी केस टाइप-सीची. "चपटं गोलसर भोक दिलंय, पण यातून टीव्हीवर काही दिसत नाही," अशी तक्रार. भोकाचा आकार एकच असला तरी आतली कामं वेगवेगळी असतात. एखाद्यातून चार्जिंग होतं, एखाद्यातून चित्रही जातं, एखाद्यातून नुसत्या फायली. भोकाशेजारचं चिन्ह भिंगातून बघा : वीज चमकल्यासारखा बाण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे जवळपास सगळं चालतं. डी आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतील तर चित्र जातं. बॅटरीचं किंवा प्लगचं चित्र असेल तर चार्जिंग. काहीच चिन्ह नसेल तर मॉडेलची माहिती काढून बघा, कारण कंपन्या चिन्ह छापायचा कंटाळाही करतात.

मोबाइलचा चार्जर लावला तर लॅपटॉप जळेल का, असं रोज कुणीतरी विचारतं. टाइप-सीत जळत नाही. दोघं आधी आपसात बोलून किती व्होल्ट घ्यायचे ते ठरवतात. लॅपटॉपला सहसा वीस लागतात. साध्या मोबाइल चार्जरकडे तेवढे नसतात, मग लॅपटॉप एकतर नकार देतो नाहीतर मुंगीच्या पावलाने भरतो. जुन्या गोल पिनवाल्या चार्जरचं मात्र असं नाही. तिथे ही बोलाचाली नसते. पिन बसली म्हणून लावू नका, पाठीवर 'आऊटपुट'पुढचे आकडे जुळवून मगच लावा.

आणि कृपा करून वायर धरून ओढू नका, पिनेला धरा. माझं पोट त्यावर चालतं, तरी सांगतो.

* * *

दादा, यूएसबीची पिन पहिल्या फटक्यात कधीच का बसत नाही तेही सांगा की. उलटी, सुलटी, मग परत उलटी!

* * *

पैसे वाचवले म्हणून. यूएसबीमागच्या लोकांतले प्रमुख अजय भट्ट यांनीच नंतर सांगितलं होतं की दोन्हीकडून बसणारी केली असती तर आत तारा वाढल्या असत्या आणि खर्चही. पहिलं यूएसबी १९९६ चं, दोन्ही बाजूंनी बसणारं टाइप-सी २०१४ चं. मधली अठरा वर्षं जगाने पिन फिरवण्यात घालवली.

* * *

मला दिसत नाही, त्यामुळे चिन्हं आणि निळे आकडे माझ्या कामाचे नाहीत. नवा लॅपटॉप आला की मी आधी बंद ठेवून पाच मिनिटं त्याच्या कडांवरून बोट फिरवतो. हेडफोनचं भोक गोल. टाइप-सी लांबट, गुळगुळीत. साध्या यूएसबीत आत एक जीभ लागते. एचडीएमआयचे खालचे दोन कोपरे तिरके कापल्यासारखे असतात. मग एफ आणि जे या कळांवरच्या उंच रेषा शोधायच्या, तिथे तर्जन्या ठेवल्या की कीबोर्ड माझा.

सुरू झाल्यावर विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबलं की निवेदक बोलायला लागतो. एवढं एक दाबता आलं की कुणाची मदत लागत नाही. पुढे मी एनव्हीडीए वापरतो, तोही स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. त्याला हुकूम द्यायला इन्सर्टची कळ लागते, पण लहान कीबोर्डवर ती कुठे दडवलेली असेल सांगता येत नाही, म्हणून तिचं काम कॅप्स लॉककडे दिलंय.

दोन तक्रारी. एक, चालू-बंदचं बटण कीबोर्डातच, डिलीटच्या शेजारी बसवायची कल्पना ज्याची असेल त्याला एकदा भेटायचंय. एक अक्षर खोडायला जावं आणि लॅपटॉप झोपावा! आता डिलीटवर एक फुगीर ठिपका चिकटवलाय. दुसरी, टचपॅड. तळवा लागला की लिहिता लिहिता तिसऱ्याच ओळीत. तो मी कळीने बंदच ठेवतो.

स्क्रीनचा उजेडही शून्यावर असतो, बॅटरी वाचते. एकदा शेजारच्या सहकाऱ्याने "अरे, तुझा बंद पडलाय" म्हणून मदतीच्या भावनेने बटण दाबून धरलं. माझं दीड तासाचं न जपलेलं लिखाण होतं.

* * *

ऑनलाइन मुलाखत, कॅमेरा काळा. सेटिंग्ज पालथ्या घातल्या, परवानग्या दिल्या, रीस्टार्ट केलं. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "कॅमेऱ्यावर एक सरकपट्टी असते, ती बघा." होती. नखाने सरकली.

नोकरी मिळाली. दुसरीकडे.

* * *

वय बहात्तर. मला टचपॅडवर 'राइट क्लिक' सापडेना, कारण त्यावर बटणच नाही, सगळी सपाट पाटी. नातीने हात धरून शिकवलं : एका बोटाने टेकवलं तर डावं, दोन बोटांनी टेकवलं तर उजवं, दोन बोटं वर-खाली केली की पान सरकतं. मी बोटं फार दाबत होतो. "आजोबा, फुलपाखरू बसतं तसं टेकवा," म्हणाली. आता जमतं. याच नातीच्या धाकट्या भावाने कसल्यातरी तीन कळा दाबून अख्खी स्क्रीन उलटी केली होती. मी दोन दिवस लॅपटॉप उलटा धरून बातम्या वाचल्या. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबल्यावर सरळ झाली. सगळ्या लॅपटॉपवर हे चालत नाही असं ऐकतो, मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'ओरिएंटेशन' शोधायचं.

* * *

धागा काढणारी मीच परत. सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. आजोबांचं फुलपाखरू तिला फार आवडलं. एफएनच्या कळीवर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, आवाज आता तीच कमी-जास्त करते.

आज सकाळी फोन आला. विमानाचं चित्र असलेलं बटण दिसलं म्हणून दाबून बघितलं, तेव्हापासून नेट नाही.