समोरच्याच्या भावनांमुळे वाटणीचे माप झुकते का?

प्रश्न
आई गेल्यानंतर तिच्या वस्तू आम्हा तीन भावंडांत वाटण्याचे काम माझ्याकडे आले. तिन्ही वाटे समान करून मी टेबलावर मांडले होते. परंतु आईचे घड्याळ दिसताच धाकट्या भावाचे डोळे भरून आले आणि मी कोणालाही न विचारता ते थोरल्या ताईच्या वाट्यातून उचलून त्याच्याकडे सरकवले. ताईने त्या रिकाम्या जागेकडे एकदा पाहिले आणि उरलेल्या वस्तू मुकाट्याने पिशवीत भरल्या. माझी ती माया होती की अन्याय, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

उत्तर १
डॅनियल बॅट्सन आणि सहकाऱ्यांचा 1995 सालचा प्रयोग तुमच्या प्रसंगाच्या फार जवळचा आहे. त्यात सहभागींना प्रतीक्षायादीतील एका गंभीर आजारी मुलीची मुलाखत ऐकवून, तिला यादीत पुढे घ्यायचे का, असे विचारण्यात आले. तिला काय वाटत असेल याची कल्पना करत ऐकणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी तिला पुढे आणले, तर तटस्थपणे ऐकणाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनीच तसे केले. मागे ढकलल्या गेलेल्या मुलांची मुलाखत मात्र कोणीही ऐकलेली नव्हती. तुमच्या ताईचेही तेच झाले, असे मला वाटते.

उत्तर २
अश्रूंप्रमाणे रागही माप झुकवतो, पण त्याची तऱ्हा निराळी आहे. वर्नर ग्युट आणि सहकाऱ्यांनी 1982 साली मांडलेल्या ‘अल्टिमेटम’ खेळात एकाने रक्कम वाटायची असते आणि दुसऱ्याने तो वाटा नाकारला, तर दोघांच्याही हाती काहीच लागत नाही. एरिक व्हॅन डाइक आणि सहकाऱ्यांना 2008 साली असे आढळले की, रागावलेल्या व्यक्तीला लोक जास्त देऊ करतात. मात्र तिच्या नकाराने फारसे बिघडणार नसेल, तर तिला उलट कमीच देऊ करतात. म्हणजे तिथे काम करते ती नुकसानीची भीती. तिला न्यायबुद्धी म्हणणे मला पटत नाही.

उत्तर ३
याच खेळात वाटा घेणाऱ्याला आपली नाराजी लिहून कळवण्याची मुभा दिली, तेव्हा अन्याय्य वाटे नाकारण्याचे प्रमाण घटले, असे एर्टे शाओ आणि डॅनियल हाउझर यांनी 2005 साली दाखवले. त्यामुळे घड्याळ परत मागण्याआधी ताईंना त्या दिवशी काय वाटले, ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. ताईला आज फोन केला. तिला घड्याळ नको आहे. पण आपल्याला विचारलेसुद्धा नाही, हे तिच्या मनाला लागले होते.