खार आणि सशाच्या शिकारीसाठी कोणती काडतुसे घ्यावीत, आणि ती घरी भरणे परवडते का?

लँकेस्टरकर:
नमस्कार. मी पेनसिल्व्हेनियात एच-१बी व्हिसावर राहतो. राज्याचे शिकारी प्रशिक्षण पूर्ण करून मी परवाना काढला असून, ओळखीच्या एका शेतकऱ्याने त्याच्या रानात खारी आणि कॉटनटेल ससे मारण्याची परवानगी दिली आहे. अद्याप बंदूक घेतलेली नाही. पॉइंट टू-टूची (०.२२ इंची लहान गोळीची) रायफल आणि २० बोरची (बोर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) छर्र्याची बंदूक यांपैकी आधी काय घ्यावे, आणि छर्रे किती नंबरचे वापरावेत? काडतुसे घरी भरण्याचे यंत्र घेतल्यास खर्च वाचेल का, आणि टू-टूची काडतुसेही त्यावर भरता येतील का? मांस घरीच खाल्ले जाणार असून घरात लहान मूल आहे, त्यामुळे शिशाबद्दलही जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

डेलावेअरकाठ:
खरेदीपूर्वी एक बाब नीट समजून घ्यावी. आपल्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. चालू मुदतीचा शिकार परवाना असेल, तर मात्र त्यातून सूट मिळते. पेनसिल्व्हेनियाचा परवाना ३० जूनला संपतो, त्यामुळे तो वेळेवर नवा करणे ही आपल्यासाठी निव्वळ औपचारिकता नाही. शिवाय कायद्याने केलेल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत केवळ भरलेली काडतुसे येत नाहीत, तर रिकामी टरफले, प्राइमर (ठोका बसताच ठिणगी देणारी टोपी) आणि बंदुकीची सुटी दारूही येते. घरी काडतुसे भरण्याचा विचार करताना हे विशेष लक्षात ठेवावे. भारतात साधा रानससा मारणेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते, म्हणून तिकडच्या नातेवाइकांना यातले काही पाठवण्याचा विचारही करू नये.

रानवाट:
खारीसाठी बंदूक निवडताना आधी झाडांची पाने पाहावीत. हंगामाच्या सुरुवातीला ओक आणि हिकरी दाट असतात, खार शेंड्याकडे असते आणि तिच्यामागे आकाशाशिवाय काहीच नसते. टू-टूची गोळी मैल-दीड मैल जाऊ शकते. त्यामुळे मागे जाड खोड किंवा टेकडीची माती नसेल, तर रायफल खांद्याला लावूच नये. बारीक छर्रे त्या मानाने फार लवकर खाली येतात. या एकाच कारणासाठी मी पहिल्या वर्षी २० बोरच घ्यायला सांगेन. धावत्या सशासाठीही तीच उपयोगी पडते. पानगळ झाल्यावर, खार स्थिर बसलेली आणि मागे भक्कम आडोसा असताना, टू-टूसारखे दुसरे हत्यार नाही, कारण डोक्यात मारता येते आणि मांस अजिबात खराब होत नाही. तिच्यासाठी ४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे बारीक माप), सेकंदाला सुमारे १,०७० फूट वेगाची साधी गोळी पुरेशी आहे. .१७ एचएमआर या दुसऱ्या, अधिक वेगवान रायफल-काडतुसाची गोळी केवळ १७ ग्रेनची असली तरी तिचा वेग २,५०० फुटांच्या पुढे असतो, आणि ती अंगात लागल्यास खाण्याजोगे फारसे काही उरत नाही.

छर्र्यांचा नंबर जितका मोठा, तितका छर्रा लहान. शिशाच्या ६ नंबरचे एका औंसात सुमारे २२५ छर्रे बसतात, साडेसात नंबरचे ३५० आणि ४ नंबरचे १३५. खारीची कातडी चिवट असते, तिच्यासाठी ६ नंबर योग्य आहे. साडेसात नंबर पारव्यांसाठी ठीक असतो, जवळून उठणाऱ्या सशालाही चालतो, पण खारीला त्याने जखमी करून सोडण्याची भीती राहते, आणि ती जबाबदारी नेम धरणाऱ्याचीच असते. ४ नंबरपेक्षा मोठे शिशाचे छर्रे या राज्यात लहान शिकारीसाठी चालत नाहीत.

खोक्यावर काय छापले आहे, यावर मात्र विसंबू नये. हातभर रुंदीचे मोठे कागद लावून त्यांवर मधोमध खारीचे डोके आणि छाती खरी दिसेल एवढी काढावी, आणि २५ यार्डांवरून प्रत्येक कागदावर एकच काडतूस झाडावे. त्या आकृतीत दरवेळी चार-पाच छर्रे बसतात का आणि आकृती मावेल एवढी मोकळी जागा कुठे राहते का, हे पाहावे. एकाच चोकमधून (नळीच्या तोंडाचा, छर्रे एकवटणारा अरुंद भाग) दोन कंपन्यांची ६ नंबरची काडतुसे कमालीची वेगळी पसरतात. मॉडिफाइड, म्हणजे मध्यम अरुंद, चोकपासून सुरुवात करावी. कागदावर जे अंतर नीट भरते, तीच आपली मर्यादा. तिच्यापुढच्या खारीला जाऊ द्यावे.

मूल घरात असल्यामुळे शिशाऐवजी पोलाद किंवा बिस्मथ या जड धातूच्या छर्र्यांचा विचार जरूर करावा. पोलाद हलके असल्याने दोन आकार मोठे घ्यावे लागते, म्हणजे शिशाच्या ६ ऐवजी पोलादाचे ४ नंबर. जुन्या पातळ नळीत किंवा घट्ट चोकमध्ये पोलाद वापरू नये. तिथे बिस्मथ चालते, पण ते महाग पडते. ससा सोलताना हातमोजे घालावेत आणि मांस पूर्ण शिजवावे, कारण सशांपासून टुलारेमिया हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झळाळता नारिंगी रंग अंगावर असणे बंधनकारक आहे.

भरणीघर:
टू-टूचे काडतूस घरी भरता येत नाही, असेच समजावे. त्याचे ठिणगी देणारे मिश्रण टरफलाच्या कडेतच भरलेले असते आणि घोडा पडल्यावर ती कड चेपून निकामी होते. प्राइमर बदलता येतो तो छर्र्याच्या काडतुसात आणि मध्यभागी प्राइमर असलेल्या रायफलच्या काडतुसात.

आपण वर्षाला दोन-चार खोकी उडवणार असाल, तर २० बोरची भरणी परवडणार नाही. हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नियमित सराव करणाऱ्याला, किंवा २८ आणि .४१० बोर वापरणाऱ्याला ती परवडते, कारण ती काडतुसे दुकानात महाग असतात. तरीही घ्यायचेच ठरवल्यास मेक कंपनीचे ६०० ज्युनियर हे एका वेळी एकच काडतूस पुढे नेणारे यंत्र नवशिक्याला योग्य आहे. प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर होतो, त्यामुळे दारू पडायची राहिली किंवा दुप्पट पडली तर लक्षात येते. त्याच्या मोजपट्टीतून पडणारी दारू मात्र तराजूवर तोलूनच खात्री करावी. म्हणून यंत्राआधी तराजू घ्यावा. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा असावा.

दारू उत्पादकाच्या पुस्तिकेत टरफल, प्राइमर, दारू, वॅड (दारू आणि छर्रे यांमधला प्लॅस्टिकचा पेला) आणि छर्र्यांचे वजन असे पूर्ण जुळवलेले प्रमाण असते. त्यातला एकही घटक आपल्या मनाने बदलू नये. २० बोरसाठी दाबाची कमाल मर्यादा प्रतिचौरस इंच १२,००० पौंड आहे, आणि नुसता वॅड बदलल्यानेही दाब धोकादायक वाढू शकतो. शिशासाठी दिलेल्या प्रमाणात पोलादाचे छर्रे तर कधीच भरू नयेत. त्यांना जाड वॅड आणि स्वतंत्र प्रमाण लागते. भरणी झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि मुलाला त्या खोलीपासून दूर ठेवावे.

लँकेस्टरकर:
सर्वांचे मनापासून आभार. यंदा २० बोर आणि दुकानातली ६ नंबरची काडतुसे घेतो, बिस्मथचे एक खोकेही कागदावर पाहतो. पुढे कधी भरणी करायची झाल्यास रिकामी टरफले आतापासून जपून ठेवावीत का?

भरणीघर:
जरूर ठेवावीत, परंतु एकाच कंपनीची आणि एकाच प्रकारची. २० बोरची टरफले पिवळी असतात, यामागे कारण आहे. २० बोरचे काडतूस चुकून त्याहून रुंद अशा १२ बोरच्या नळीत गेले तर ते पुढे सरकून अडकते आणि मागचा कप्पा मोकळा दिसतो. मग वर १२ बोरचे काडतूस घालून घोडा ओढल्यास नळी फुटते. म्हणून पुढे १२ बोर घेतली तरी पिवळी टरफले वेगळ्या डब्यातच ठेवावीत, आणि शिकारीच्या जाकिटाचे खिसे दरवेळी रिकामे करूनच बंदूक बदलावी. ज्या टरफलाच्या तोंडाशी भेग गेली असेल किंवा प्राइमर सैल बसत असेल, ते भरण्याच्या फंदात न पडता टाकून द्यावे.