कुलाब्याची १८५९ची नोंद

'सौरडाग (सूर्यावरचे काळे डाग) वाढले तरी त्यातून येणाऱ्या चुंबकीय वादळांचा त्रास कॅनडा-नॉर्वेला, विषुववृत्ताजवळ काही जाणवत नाही' असं काहींचं मत असतं, पण ते अर्धंच खरं आहे. १९८९मध्ये अशाच वादळाने कॅनडातल्या क्युबेकची वीज गेली, तशी धास्ती आपल्याकडे कमी, एवढं मान्य. पण १ सप्टेंबर १८५९ला इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टनने सूर्यावरच्या डागांच्या एका मोठ्या समूहावर तेजाचा भडका पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) कोसळला! तिथल्या निरीक्षकांनी हे आकडे डोळ्यांनी वाचून हाताने टिपले होते. १८५९च्या त्या चुंबकीय वादळाची तीव्रता ठरवताना शास्त्रज्ञ आजही याच नोंदी वापरतात, याचा मला फार अभिमान वाटतो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने मोजमापं बिघडणार म्हणून ही चुंबकीय निरीक्षणं अलिबागला हलवली. ती अजून चालू आहेत.