जुनी मिनीव्हॅन गरम झाली की दुसऱ्या गिअरमध्येच अडकते

व्हॅन९८:
१९९८ ची मिनीव्हॅन, ३.३ लिटर व्ही६, क्रायस्लरचा चार गिअरचा ४१टीई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २,१०,००० किमी. थंड असताना चारही गिअर नीट पडतात. वीस-पंचवीस मिनिटं चालली की थांबायला वेग कमी करताना जोराचा झटका बसतो आणि मग गाडी दुसऱ्याच्या पुढे जात नाही. चावी बंद-चालू केली की थोडा वेळ ठीक. साध्या स्कॅनरवर फक्त पी०७०० हा दोषाचा कोड दिसतो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावं?

पाना१३:
इतक्यात उतरवू नका. हा लिंप मोड आहे, म्हणजे गिअरबॉक्स वाचवण्यासाठीची कामचलाऊ अवस्था. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला काही विसंगत दिसलं की तो सोलेनॉइड पॅकची (क्लचकडे ऑइलचा दाब सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) वीज तोडतो. मग पुढे जायला फक्त दुसरा गिअर उरतो, आणि रिव्हर्स.

पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये कोड पडलाय, एवढंच. खरा कोड तो कंट्रोलर वाचणाऱ्या स्कॅनरवरच मिळेल. पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सरचा (गिअरबॉक्समध्ये येणारा वेग मोजणारा), पी०७२० आउटपुटचा (बाहेर पडणारा वेग मोजणारा).

तोवर झटक्याच्या वेळी स्पीडोमीटरचा काटा बघा. या गाड्यांत वेगाचा सिग्नल आउटपुट सेन्सरवरूनच जातो. काटा थरथरला किंवा शून्यावर पडला तर संशय त्याच्यावर. काटा स्थिर राहिला तर आधी इनपुट सेन्सर तपासा.

मोजमाप गाडी गरम असतानाच घ्या, कारण दोष तेव्हाच दिसतोय. कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ३०० ते १२०० ओहम यायला हवेत. आकडा बरोबर आला तरी वायर हलवून पुन्हा बघा. कनेक्टरमध्ये ऑइल झिरपलं असेल तर पिना साफ करून उपयोग नाही, सेन्सरच बदला.

क्लचपॅक:
वरचं बरोबर, फक्त एक भर. चावी फिरवल्यावर गाडी सुधारते म्हणून क्लच चांगले, असं धरू नका. क्लच घसरल्यामुळे लिंप मोड लागला तरी चावीने तो तात्पुरता जातोच. कोड पी०७३१ ते पी०७३४ पैकी असेल तर त्या-त्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाहीये. मग कोणत्या गिअरला कोणते क्लच लागतात ते बघा:
पहिला: अंडरड्राइव्ह + लो-रिव्हर्स
दुसरा: अंडरड्राइव्ह + दोन-चार
तिसरा: अंडरड्राइव्ह + ओव्हरड्राइव्ह
चौथा: ओव्हरड्राइव्ह + दोन-चार
रिव्हर्स: रिव्हर्स + लो-रिव्हर्स
दुसरा आणि चौथा घसरतात पण तिसरा पक्का, तर दोन-चार क्लच. पहिले तिन्ही घसरतात पण चौथा आणि रिव्हर्स ठीक, तर अंडरड्राइव्ह.

व्हॅन९८:
काटा झटक्याच्या आधी शून्यावर पडतो, कोड पी०७२० मिळाला. शिवाय सावकाश वेग वाढवताना ६५-७० किमीच्या आसपास गाडी थरथरते. मागच्या वेळी गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन ऑइल टाकलं होतं.

पाना१३:
मग आउटपुट सेन्सर बदला. थरथर मात्र बहुधा ऑइलमुळे आहे. हा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडणाऱ्या भागाचा) क्लच किंचित घसरता ठेवून लावतो, आणि ते घर्षण क्रायस्लरच्या स्वतःच्या ऑइलच्या हिशोबाने ठरवलेलं आहे; आता त्यासाठी एटीएफ+४ वापरतात. डेक्सरॉनमध्ये तो क्लच पकडतो-सोडतो. पॅन उतरवल्यावर सुमारे ४ लिटरच निघतं, एकूण भरतं जवळपास ९ लिटर, म्हणजे एकदा बदलून भागत नाही. काहीशे किमीच्या अंतराने दोन-तीनदा बदला.

फिल्टर काढताना जुनी ओ-रिंग वरच्या भोकात अडकून राहते. ती काढल्याशिवाय नवा फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि गिअर उशिरा पडतो. पॅनमधल्या चुंबकावर करडी बारीक पूड असणारच. चकचकीत कपचे दिसले तर मात्र आतलं काहीतरी झिजलंय.

क्लचपॅक:
पातळी ऑइल पूर्ण गरम असताना, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, पार्क किंवा न्यूट्रलमध्ये बघा. कामात बॅटरी काढलीत तर कंट्रोलर शिकलेलं विसरतो आणि सुरुवातीला शिफ्ट कडक लागतात. गाडी गरम करून, ॲक्सिलरेटर हलका आणि एकाच जागी धरून, उभ्यापासून चौथ्यापर्यंत पंधरा-वीस वेळा न्या. तोपर्यंत त्या शिफ्टवरून गिअरबॉक्सला नावं ठेवू नका.