कत्तलीचं वय : दातांवरून आणि मांसावरून

'जनावर म्हातारं झाल्यावरच कापतात' असं म्हटलं जातं, ते मांसासाठी पाळलेल्या गुरांना लागू नाही. गाय सहज १५ ते २० वर्षं जगू शकते, पण धान्यावर पोसलेलं जनावर साधारण १५ ते २० महिन्यांत कत्तलीला जातं. नुसत्या गवतावरचं हळू वाढतं म्हणून २४ ते ३० महिने लागतात. दुधाच्या जातीच्या गोऱ्ह्यांचं वय याहून बरंच कमी. युरोपीय संघात नुसतं 'व्हील' (veal) हे नाव ८ महिन्यांपर्यंतच्या वासरांच्याच मांसाला देता येतं. दुभत्या गाई मात्र दूध किंवा गाभण राहणं कमी झालं की, बहुधा ५-६ वर्षांच्या आत, कत्तलीला काढल्या जातात. मला हा सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग वाटतो.

मांसाच्या गुरांसाठी हेच वय का? आधी हाडं वाढतात, मग स्नायू, शेवटी चरबी. स्नायूंची वाढ मंदावली की तेवढ्याच चाऱ्यात वजन कमी चढतं. शिवाय वयाबरोबर कोलॅजनच्या (मांसातल्या चिवट प्रथिनाच्या) धाग्यांमधले जोड पक्के होतात, ते शिजताना सहज विरघळत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या जनावराचं मांस तासन्‌तास शिजवावं लागतं, किंवा त्याचा खिमा करतात.

जन्मनोंद नसेल तर खालच्या जबड्यातले पुढचे दात बघा. आदत म्हणजे सगळे दुधाचे दात. दुसा (दोन कायमचे दात आलेला) साधारण दोन वर्षांचा, चौसा (चार आलेला) अडीच ते तीन, आणि आठही कायमचे दात आले की चारच्या आसपास. जात आणि खाणं यांमुळे काही महिने इकडेतिकडे होतात, त्यामुळे दातांवरून नेमका महिना सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.