मदत हवी आहे: पार्किंगवरची जुनी इमारत, भूकंपासाठी मजबुतीकरण

मंडळी, आमची सोसायटी चिपळूणची. खाली नुसते खांब आणि पार्किंग, वर चार मजले. बांधकाम १९९० च्या आसपासचं. एका खांबाचं प्लास्टर पायथ्याशी सुटलंय. आत पाहिलं तर उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ वीतभर अंतरावर आणि टोकं जेमतेम काटकोनात वळवलेली. आयएस १३९२० मध्ये (भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) ती १३५ अंशांत आत वळवायला सांगितलीत ना?

कोयना इथून जवळ, १९६७ चा भूकंप आठवणारे अजून आहेत. २००१ च्या भूकंपात भुजपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच खालून मोकळ्या इमारती बसल्या, म्हणून धास्ती.

कंत्राटदार म्हणतो, 'खांबांना जॅकेटिंग करू, झालं!' (म्हणजे जुन्या खांबाभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टन.) पण फक्त पार्किंगच्या खांबांना करून भागतं का? बीमचे सांधे आणि पाया यांचं काय? काही खांबांमध्ये काँक्रीटच्या भिंती घातल्या तर? एक सभासद अर्ध्या उंचीच्या विटांच्या भिंती सुचवतात. त्यानं खांबाचा मोकळा भाग आखूड होऊन उलट तिथेच तुटतो असं वाचलंय.

कुणी रत्नागिरी-साताऱ्याकडे हे काम करून घेतलंय का? आधी कोणत्या चाचण्या केल्या, चौरस फुटाला साधारण खर्च किती आला? आणि गाड्या काढायला तयार नसलेल्यांना कसं पटवलंत, तेही सांगा.